तीन हजार सातशे फुटांचा हरिश्चंद्र

राजा हरिश्चंद्र स्वप्नात दिलेला शब्दसुद्धा पाळत असे. त्याच्यावरचा सिनेमा किती वेळाचा होता, याबद्दल मात्र पुस्तकांचं एकमत नाही. दादासाहेब फाळक्यांचा हा सिनेमा ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. कुणी लिहितं ४० मिनिटांचा, कुणी लिहितं ५० मिनिटांचा. एखादा चिकट वाचक कागद-पेन्सिल घेऊन बसला तर त्याचं उत्तर तासाच्याही पुढे जातं. आणि तिघंही खरं बोलत असतात! राजाची पुण्याई.

सगळ्यांचं एकमत आहे ते एकाच आकड्यावर : ३,७०० फूट, चार रीळं. मूकपटाच्या जमान्यात सिनेमाला लांबी होती, वेळ नव्हता. तो फुटांवर विकला जायचा आणि फुटांवर विकत घेतला जायचा. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं मावतात. सेकंदाला १६ चित्रं दाखवली तर सेकंदाला बरोबर एक फूट फिल्म सरकते. हा हिशेब इतका सुटसुटीत आहे, की पुढे कुणीतरी येऊन तो बिघडवणार हे तेव्हाच कळायला हवं होतं. या चालीने ३,७०० फूट म्हणजे ३,७०० सेकंद, म्हणजे ६१ मिनिटं ४० सेकंद. सेकंदाला २० चित्रं धरली तर ४९ मिनिटं. २४ धरली तर ४१. राजा तोच, विश्वामित्र तोच, छळ तेवढाच. फक्त वीस मिनिटं लवकर आटपतो.

लांबी हीच सिनेमाची ओळख होती याचा उत्तम पुरावा सुरतेत मिळतो. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय. त्याने तीन आणे मोजायचे आणि राजाने राज्य, बायको, मुलगा सगळं गमावून परत मिळवलं तरी चहाची वेळ टळलेली नाही, हे त्याच्या व्यापारी मनाला पटेना. फाळक्यांनी सिनेमा वाढवला नाही, जाहिरात वाढवली. ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, अन् हे सगळं फक्त तीन आण्यांत! आता ५७ हजार फोटो हा आकडा जवळपास चोख आहे. ३,७०० ला १६ ने गुणून बघा, उलट थोडे जास्तच निघतात. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट. राजाची खरी लांबी पाऊण मैलसुद्धा भरत नाही. सत्यवचनी राजाच्या नावावर हा एवढा एक मैल-सव्वा मैल खोटेपणा इतिहासात नोंदला गेला आहे. पुढे जगभर मूकपटांना कात्री लागली आणि ते आखूड झाले. जाहिरातीत जवळजवळ तिप्पट लांब झालेला सिनेमा बहुधा हा एकटाच असावा.

मुंबईत ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवली होती. कोरोनेशनमध्ये राजाच्या जोडीला एका मडमेचा नाच होता, एक विनोदी प्रवेश होता आणि पायांनी वस्तू झेलून दाखवणारा एक बाजीगर होता. सगळं मिळून दीड तासाचा कार्यक्रम.

तर मग हा वेग ठरवायचा कोण? कागदावर उत्तर सोपं आहे. कॅमेऱ्याला हँडल असे. एका फेऱ्यात आठ चित्रं निघायची. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६. पण हा नियम पाळायचं काम एका माणसाच्या दंडाकडे होतं, आणि दंडाला नियम कळत नाहीत. सकाळी न्याहारी करून उभा राहिलेला कॅमेरामन आणि दुपारचं ऊन खाऊन उभा राहिलेला कॅमेरामन एकाच चालीने फिरवत नाही. त्यातून कच्ची फिल्म महाग. हँडल सावकाश फिरवलं की फिल्म कमी लागते, ही गोष्ट निर्मात्यांच्या फार लवकर लक्षात आली असणार. पाठलाग आणि मारामारी मुद्दाम सावकाश फिरवून टिपत, म्हणजे पडद्यावर ती धावती दिसे. आणि दिवसेंदिवस सगळ्यांचेच हात चढत गेले. विसाच्या दशकात सोळाचा नियम पुस्तकात राहिला आणि हँडलं विशीच्या पुढे गेली.

हे झालं कॅमेऱ्याचं. सिनेमा थिएटरात पोचला की प्रोजेक्टरवर दुसरा माणूस बसलेला, दुसरा दंड, दुसरं हँडल. पुढे मोटर आली, पण तिचाही वेग कमी-जास्त करायची खुंटी ऑपरेटरच्याच हाताशी. कॅमेरामनने किती वेगाने टिपलं होतं याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नव्हतं. त्याला कर्तव्य होतं मालकाशी. बाहेर रांग लागली असेल तर मालक खूण करी, ऑपरेटर वेग वाढवी, आणि दिवसात एक खेळ जास्त बसे. हे म्हणजे मंगलाष्टकांसारखंच. मुहूर्ताला अवकाश असेल तर गुरुजी प्रत्येक ओळीवर मुक्काम करतात आणि नवऱ्यामुलाची मावशी स्वतः रचलेली दोन कडवीही म्हणून घेते. मुहूर्त टळायला आला की सगळ्या पवित्र नद्या एका श्वासात वाहून जातात. लग्न दोन्हीकडे लागतंच. फक्त व्हिडिओवाल्याचा हिशेब चुकतो.

अमेरिकेत एफ. एच. रिचर्डसन नावाचे एक गृहस्थ ऑपरेटर मंडळींसाठी नियतकालिकात सदर चालवत आणि जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं लिहीत. या घाईवर त्यांचा भारी राग. ऑपरेटर हा कलावंत आहे, त्याने प्रसंग पाहून वेग राखावा, असं त्यांचं मत. मत उदात्तच होतं. पण त्याचा अर्थ असा, की दिग्दर्शकाने, नटाने आणि कॅमेरामनने मिळून जे काही केलं त्यावर शेवटचा हात ऑपरेटरने फिरवायचा. जपानमध्ये तर पडद्याशेजारी उभं राहून कथा सांगणारे बेन्शी एवढे लोकप्रिय होते, की त्यांना लांबलचक संवाद म्हणायचा असेल तर त्यांच्या खुणेवर वेग कमी व्हायचा. म्हणजे तिथे अंतिम दिग्दर्शक निवेदकच. आपल्याकडे निवेदक म्हटलं की कार्यक्रम लांबतो, त्याला अशी आंतरराष्ट्रीय परंपरा आहे तर!

फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०२ मध्ये चंद्रावर स्वारी काढली. सिनेमा ८४५ फुटांचा. सोळाच्या चालीने चंद्रावर जाऊन यायला चौदाएक मिनिटं लागतात, चोविसाच्या चालीने साडेनऊ. हल्लीच्या अंतराळ संस्थांनी नोंद घ्यायला हरकत नाही. इंधन तेवढंच लागतं.

या गोंधळाला शिस्त लावली ती बोलपटाने. चित्र थोडं पुढे-मागे पळालं तर माणसाचा डोळा सांभाळून घेतो. कान ऐकून घेत नाही. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच छापली, तेव्हा हात जरा जलद फिरला की नायक चिरकणार आणि सावकाश फिरला की नायिका घोगरी होणार. म्हणून विसाच्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चित्रं, मिनिटाला ९० फूट, असा वेग मोटरला बांधून टाकला. दंड सुटला. त्याबरोबर जुन्या मूकपटांचंही नशीब ठरलं, कारण आता ते ज्या यंत्रावर चढवायचे त्याला २४ शिवाय दुसरं काही येत नव्हतं.

आमच्या पिढीने आजोबा-पणजोबांचं जग पाहिलं ते असं. त्या काळी माणसं टुणटुण चालत, पटापट टोप्या काढत, घोडे शिवणयंत्राच्या सुईसारखे पाय मारत, असंच आम्हाला बरीच वर्षं वाटायचं. ती माणसं लवकर थकून गेली असावीत, असाही एक समज होता. १९३० च्या दांडी यात्रेची मूक दृश्यं दूरदर्शनवर लागत, त्यात गांधीजी जे सुटत त्यांना गाठणं मागच्या मंडळींना अशक्य. आता गांधीजी मुळातच झपाझप चालत, याला अनेकांची साक्ष आहे. त्यातलं त्यांचं किती आणि प्रोजेक्टरचं किती, हे वेगळं काढायला सवड कुणाला? त्यात आपलं दूरदर्शन सेकंदाला २५ चित्रांचं. म्हणजे आणखी एकाची भर. शंभर मिनिटांचा बोलपटही आपल्या घरात ९६ मिनिटांत संपायचा. त्या चार मिनिटांत काय गेलं, असं कुणी विचारलं नाही, जाहिराती होत्याच.

यावर शहाण्या लोकांनी तोड काढली : प्रत्येक दुसरं चित्र दोनदा छापायचं. सोळाचे चोवीस होतात, वेळ पुन्हा मूळपदावर येतो. फक्त माणसं आता पळत नाहीत, उचकी लागल्यासारखी चालतात. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलातून फाळक्यांनी त्यांना पंधरा रुपये पगारावर उचलून आणलं होतं. एवढं करून आणलेल्या तारामतीने मुलासाठी फोडलेला टाहो एका वेगात प्रहसन होतो आणि दुसऱ्या वेगात उचकी. तिसरा, बरोबर वेग सापडेपर्यंत पंधरा रुपये वसूल होत नाहीत.

आतापर्यंत मी गृहीत धरलं, की फूट तरी नक्की आहेत. तेही नव्हते.

पहिला गुन्हेगार म्हणजे पाट्या. पडद्यावर मजकूर झळकायचा, तो सगळ्यात मंद वाचकाचा वाचून होईपर्यंत ठेवायचा. आपल्याकडे तर एका पाटीवर भागत नसे. इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी, उर्दू. जिकडे खेळ तिकडची बोली. शिवाय ज्याला वाचता येई तो, न येणाऱ्यांच्या सोयीसाठी, खणखणीत आवाजात वाचून दाखवी. मूकपट मूक होता ही समजूत त्या थिएटरात न बसलेल्या लोकांची आहे. परदेशी जाणाऱ्या प्रतींत कधी कधी पाटीचं एकच चित्र चिकटवून पाठवत, की बाबांनो, इथे तुमच्या भाषेत हवं तेवढं लांबवा. ते लांबवायचं ज्यांनी राहून गेलं त्यांच्या प्रतीत पाटी विजेसारखी चमकून जाते.

दुसरा गुन्हेगार सरकार. १९१८ च्या कायद्याने आपल्याकडे सेन्सॉर आला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून अशी वेगवेगळी मंडळं बसली. एका शहरात पास झालेलं दुसऱ्या शहरात चालेलच असं नाही. कोहिनूर कंपनीच्या १९२१ च्या 'भक्त विदुर'मधला विदुर गांधींसारखा दिसतो, हे साहेबाच्या ध्यानात आलं. मद्रासेत बंदी. तेव्हा या सिनेमाची मुंबईतली लांबी काहीही असो, मद्रासेतली शून्य फूट होती.

तिसरा आणि खरा सराईत गुन्हेगार म्हणजे ज्याने पैसे घातले तो. एरिक फॉन स्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने 'ग्रीड' नावाचा सिनेमा काढला. कथा एका दंतवैद्याची. पहिली प्रत झाली ४२ रिळांची, बघायला आठ तासांहून जास्त. स्टुडिओ म्हणाला, कापा. त्याने २४ केली. मित्राने १८ वर आणली. शेवटी एमजीएमने आपल्या हातांनी १० रिळांवर आणून १९२४ च्या डिसेंबरात प्रदर्शित केली. बेचाळिसातून दहा गेले, राहिले बत्तीस. दंतवैद्याच्या सिनेमाची अख्खी बत्तिशी उपटली, तीही भूल न देता. ते तुकडे आजवर सापडलेले नाहीत. १९९९ मध्ये उरलेल्या सिनेमात स्थिर छायाचित्रं घालून चार तासांची एक आवृत्ती केली. कवळी म्हणा हवं तर, पण खायला उपयोगी पडते.

'मेट्रोपोलिस'चे हाल यापेक्षा मनोरंजक. फ्रिट्झ लांगचा हा सिनेमा बर्लिनमध्ये १० जानेवारी १९२७ रोजी झळकला तेव्हा ४,१८९ मीटर होता, म्हणजे अडीच तासांच्या आसपास. अमेरिकेत पॅरामाउंटने चॅनिंग पोलॉक या नाटककाराला बोलावून त्याचा चौथा हिस्सा छाटला. वेड्या शास्त्रज्ञाची मेलेली प्रेयसी हेल हीच पूर्ण काढून टाकली, कारण इंग्रजी प्रेक्षकाला ते नाव नरकासारखं ऐकू आलं असतं. शास्त्रज्ञ ज्या कारणाने वेडा झाला ते कारण गेलं. वेड तेवढं राहिलं. जर्मनीतही मग सिनेमा आखूड झाला. १९८४ मध्ये संगीतकार जॉर्जियो मोरोडरने पाट्या काढल्या, रंग भरले, पॉप गाणी घातली आणि सुमारे ऐंशी मिनिटांत मोकळा झाला. त्यात एक गाणं फ्रेडी मर्क्युरीचं, म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फारुख बलसाराचं. 'मेट्रोपोलिस'शी सातारा जिल्ह्याचा संबंध कुणी विचारला तर हे लक्षात ठेवावं.

जवळपास पूर्ण सिनेमा सापडला २००८ मध्ये, ब्यूनॉस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात. कसा सापडला ते ऐकण्यासारखं आहे. तिथल्या एका फिल्म क्लबच्या जुन्या चालकाची तक्रार होती, की 'मेट्रोपोलिस' दाखवताना फिल्म उडत होती म्हणून आपल्याला प्रोजेक्टरवर दोन तासांहून जास्त वेळ बोट दाबून धरावं लागलं. ऐकणाऱ्या दुसऱ्या कुणी 'अरेरे' म्हणून विषय बदलला असता. फर्नांडो पेन्या या अभ्यासकाच्या मनात आलं, दोन तास? जगात सगळीकडे हा सिनेमा त्याच्या आत संपतो, मग यांच्या बोटाखालून एवढा वेळ काय जात होतं? वीसेक वर्षं त्याने तो प्रश्न सोडला नाही, आणि शेवटी डब्यात ओरखडे पडलेली, सोळा मिलिमीटरवर उतरवलेली, पण जवळपास अखंड प्रत निघाली. २०१० मध्ये तिच्या आधारे १४८ मिनिटांचा 'मेट्रोपोलिस' पुन्हा उभा राहिला. माझ्या मते चित्रपटसंशोधनाच्या इतिहासात एवढं बिनचूक घड्याळ दुसरं झालं नाही. संशोधकांनी म्हाताऱ्या ऑपरेटरांच्या दुखण्यांकडे दुर्लक्ष करू नये.

स्वतः दिग्दर्शकही कात्री घेऊन बसे. चॅप्लिनने १९२५ चा 'द गोल्ड रश' १९४२ मध्ये पुन्हा बाहेर काढला, पाट्या काढून आपल्या आवाजात निवेदन घातलं, शेवटचं चुंबनही वगळलं. दीड तासाचा सिनेमा ७२ मिनिटांवर आला. आता यातला अस्सल कुठला, यावर जाणकारांत हमरीतुमरी होते. दोन्हीखाली सही एकाचीच.

आणि एका नावाचा सिनेमा म्हणजे एकच सिनेमा, असंही समजू नका. परदेशासाठी वेगळी निगेटिव्ह लागे, म्हणून दोन कॅमेरे शेजारी लावत किंवा उरलेसुरले टेक जोडून दुसरी निगेटिव्ह बनवत. कार्ल ड्रायरच्या १९२८ च्या 'जोन ऑफ आर्क'ची मूळ निगेटिव्ह जळाली. त्याने जिद्दीने वगळलेल्या टेकमधून दुसरी केली; तीही जळाली. जोनच्या नशिबात आगच. मग १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या मनोरुग्णालयाच्या एका कपाटात मूळ सिनेमाची प्रत मिळाली. तरी वेगाचं भांडण उरलंच : २४ ने दाखवली तर ती ८१ मिनिटांत चितेवर जाते, २० ने दाखवली तर ९७. हल्ली डिस्कवर दोन्ही वेग देतात. तिला सोळा मिनिटं जास्त जगू द्यायचं की नाही, हे सोफ्यावर बसलेल्याने ठरवायचं.

आपल्या हरिश्चंद्राचं म्हणाल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचं पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. मधलं गेलं. राजाने सोसलेल्या बऱ्याचशा हालअपेष्टा त्यामुळे टळल्या, आणि कथा पुष्कळ सुखाची झाली. त्यातही, ही रिळं १९१३ च्या सिनेमाची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राची आहेत, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. म्हणजे राजाने दिलेला शब्द पक्का, पण बोलणारा राजा कुठला हे ठरायचं आहे.

या सगळ्या रोगांची लक्षणं एकाच देहात बघायची असतील तर आबेल गान्सचा 'नेपोलियन' बघावा. म्हणजे वेळ काढता आला तर. एप्रिल १९२७ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात तो चारेक तासांचा होता. पुढच्याच महिन्यात त्याच शहरात अपोलो थिएटरात नऊ तासांच्या आसपास. ऑपेरातल्या खेळात तर शेवटी तीन पडदे शेजारी शेजारी लावून तीन प्रोजेक्टर एकदम चालवायचे. एका ऑपरेटरचा हात आवरत नव्हता तिथे तीन. अमेरिकेत एमजीएमने दोन पडदे काढून घेतले आणि सिनेमाही सोलून काढला. मग केविन ब्राउनलो नावाच्या इंग्रज पोराने शाळकरी वयात याचे तुकडे पाहिले आणि आयुष्यभर ते गोळा करत बसला. त्याची आवृत्ती सेकंदाला २० चित्रांची, वाढत वाढत साडेपाच तासांपर्यंत पोचलेली. दिग्दर्शक कपोलाने तिचंच आधीचं रूप अमेरिकेत २४ ने पळवून, वडिलांचं संगीत घालून, चार तासांत बसवलं. २०२४ मध्ये फ्रेंचांनी सात तासांची काढली, दोन भागांत.

आमच्या ओळखीचे एक फिल्म सोसायटीवाले ही सात तासांची आवृत्ती दाखवायच्या विचारात आहेत. हॉलचं भाडं, दोन वेळचं जेवण, मध्ये चहा, असा हिशेब त्यांनी मांडून ठेवला आहे. सभासदांपैकी एका निवृत्त प्राध्यापकांनी सभेत एकच शंका काढली : वॉटर्लूची लढाई जेवणाआधी येते की जेवणानंतर? तेव्हा त्यांना सांगावं लागलं, की गान्सच्या मनात एकूण सहा सिनेमे होते आणि हा त्यातला पहिला. सात तासांनंतर नेपोलियन नुकता इटलीत शिरतोय. वॉटर्लू सोडा, अजून त्याला मुकुटसुद्धा मिळालेला नाही.